भिंतीवरचे रंग आणि बैठकीवरची छिटे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांस इतिहास शिकवीत. तहांची कलमे पाठ करून घेता घेता ते मध्येच विचारीत, "अरे, हा तह ज्या दिवाणखान्यात झाला, त्याच्या भिंतींचा रंग कोणता होता?" आम्ही हसत असू. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज माझा अल्पसा प्रयत्न आहे.

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या वडोदऱ्यातच, रावपुऱ्यात, भाऊ तांबेकरांचा वाडा उभा आहे. भाऊ १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. वाडा बाहेरून मराठी वळणाचा; आत मात्र एकोणिसाव्या शतकातील चितारलेल्या भिंती. कृष्णलीला आहे, महाभारतातील प्रसंग आहेत, इंग्रज-मराठ्यांचे युद्ध आहे, आणि विलायती पोशाखातील माणसेही आहेत. ही भित्तिचित्रे आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहेत. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यातही भिंती रंगविलेल्या आहेत. तेव्हा ही हौस आपल्या पूर्वजांनी घाटावरूनच बरोबर आणली असावी. गुजराथच्या मातीत तिला नवे विषय लाभले, इतकेच.

अशा भिंतीची घडण समजून घेण्याजोगी आहे. चुनकळी विरवून चुना मुरत ठेवावयाचा, घाणीत मळावयाचा आणि गिलाव्याचे थर एकावर एक चढवावयाचे. गिलावा ओला असताना रंग भरला, तर चुना सुकताना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेतो व पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. रंग त्या दगडात कोंडला जातो. मात्र चुन्यापुढे सगळेच रंग टिकत नाहीत. गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती असे मोजके रंगच तेथे तग धरतात. कोरड्या भिंतीवर डिंकात कालवलेले रंग लावले, तर छटा पुष्कळ मिळतात. पण ओल आली की तेच आधी झडतात. जुन्या भिंतींचे रंग आपणांस भडक वाटतात. परंतु त्या घरांत खिडक्या लहान आणि उजेड समईचा असे, हे आपण विसरतो. मंद उजेडात तोच गेरू शांत दिसतो.

भिंतीला जोड होती वस्त्रांची. मराठी बैठकीत खुर्च्या-मेजे नव्हती. जाजम, सतरंजी, लोड, तक्के, पडदे आणि वर ताणलेले कापडी छत, हाच सारा सरंजाम. भिंतीवरची वेलबुट्टी आणि कुयरी कापडावरही उमटे, कारण दोन्हीकडे दृष्टी एकच होती. त्यात आपण आलो ते छिटांच्या मुलखात. गुजराथची छापील कापडे मध्ययुगातच इजिप्तपर्यंत पोहोचली होती. कैरोजवळच्या फुस्तात येथील उत्खननात त्यांचे तुकडे सापडले आहेत. इंग्रजांच्या घरांत आपल्या देशातील छिटांनी एवढे घर केले, की तेथील विणकरांच्या ओरडीवरून पार्लमेंटने १७२१ साली कायदा करून छापील सुती कापड पोशाखाला आणि घरातील सजावटीलाही वापरण्यास बंदी घातली. पडद्याच्या कापडापायी कायदा करावा लागतो, तेव्हा ते कापड केवळ हौसेची बाब राहत नाही.

मग ही परंपरा खंडित कशी झाली? एक कारण अभिरुचीचे. १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून त्याच्यासाठी पौराणिक चित्रे करवून घेतली. पुढे १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईस सुरू झाला आणि ज्या देवादिकांना भिंतीवर चितारण्यास कारागीर लागे, ते चौकटीत बसून खिळ्यावर टांगले जाऊ लागले. चित्र सर्वांच्या आवाक्यात आले, ही मोठीच गोष्ट झाली. पण भिंत मुकी झाली. दुसरे कारण रोगराईचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि निर्जंतुकीकरणासाठी घरोघर चुन्याची सफेती फिरविण्यात आली. पांढरी भिंत म्हणजे स्वच्छ भिंत, ही समजूत त्यानंतर आपल्या मनात पक्की बसली.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आजोळच्या वाड्यात, माझ्या मावसबहिणीच्या लग्नाआधी, माजघराला तेलरंग द्यावयाचा ठरला. भिंत खरवडताना सफेतीच्या पापुद्र्यांखालून गेरूचा एक मोर वर आला. मान वळवलेला, पिसाऱ्याची बाजू झडलेली. आजी म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या वेळचा हो तो." रंगारी हात थांबवून माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी तेव्हा महाविद्यालयात इतिहासच शिकत होतो. मुहूर्त चार दिवसांवर आला होता. मी काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत भिंत फिकट हिरवी झाली. चुन्याच्या भिंतीतील ओल तेलरंगाखाली कोंडते. चार-पाच पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि त्यांच्याबरोबर मोरही गेला. त्याचे एक छायाचित्रसुद्धा मजजवळ नाही.

तांबेकरांच्या वाड्याला सरकारी कुलूप आहे. माजघरातल्या मोराला कोण राखणार? माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे अजून उभी आहेत. ती पाडू नका, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. घर राहणाऱ्याच्या सोयीचे असावे. पण भिंत खरवडण्यापूर्वी कोपऱ्यात हातभर जागा हलक्या हाताने उघडून पाहा. काही दिसले तर त्याचे छायाचित्र काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारीख-वार लिहून ठेवा. पेटीतले जुने जाजम फाडून पोतेरे करण्याआधी एकदा उन्हात उलगडून पाहा.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला एकदा हाताच्या अंतरावर मिळाले होते, आणि मी ते पुसू दिले. तुम्ही तसे करू नये, एवढ्यासाठीच आज येथे उभा राहिलो.