चौथा भिडू : सभागृहाच्या मागील खोलीचा वृत्तान्त

महोत्सवाच्या निमित्तानें निघणाऱ्या या पुस्तिकेंत धर्मग्रामाच्या इतिहासाचीं मुख्य पानें आमच्याहून अधिक जाणत्या हातांनीं लिहिलीं आहेत. देवमंदिराची पायाभरणी, शाळा, भगिनींची सेवा, गायकवृंद या सर्वांस योग्य तें स्थान मिळालें आहे. आमच्या वांट्यास संपादक मंडळींनीं जो विषय दिला, तो पाहून कांहीं वाचक हंसतील व कांहीं सज्जन भुंवया उंचावतील. तो विषय म्हणजे सभागृहाच्या मागील खोलींत दर गुरुवारीं सायंकाळीं चालत आलेला ब्रिजचा खेळ. धर्मगुरूनें पत्त्यांविषयीं लिहावें काय, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. परंतु आम्ही या धर्मग्रामांत आलों तेव्हां जेथें चार मेजें भरत होतीं, तेथें आज एकही मेज पुरतें भरत नाहीं. त्या खोलीचा वृत्तान्त आतां लिहिला नाहीं, तर पुढें लिहावयास कोणी उरणार नाहीं, असें वाटून आम्हीं लेखणी उचलली.

प्रथम आक्षेपाचा निकाल लावूं. पत्त्यांवर ख्रिस्तसभेची वक्रदृष्टि जुनी आहे. सिएनाचे संत बर्नार्दिन यांनीं १४२३ सालीं बोलोन्या शहरीं पत्त्यांविरुद्ध केलेलें प्रवचन प्रसिद्धच आहे. १९१७ च्या धर्मसंहितेच्या १३८ व्या कलमानें धर्मगुरूंस पैसे लावून दैवाधीन खेळ खेळण्याची मनाई केली होती. आम्ही सेमिनरींत होतों तेव्हां ती संहिता जाऊन १९८३ ची नवी आली होती. तथापि एका वडीलधाऱ्या गुरुजनांनीं आमच्या खोलींतील पत्त्यांचा जोड जप्त करून चुलींत टाकल्याचें आम्हांस स्मरतें. दुःख फारसें झालें नाहीं, कारण त्या जोडांतील चौकटची दुर्री आधींच हरवली होती. असो. वरील कलमाचे शब्द नीट वाचले असतां मनाई होती ती दैवाधीन खेळांस, आणि तीही पैसा लावला असतां. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदांत तर स्पष्ट सांगितलें आहे कीं असे खेळ स्वभावतः न्यायाविरुद्ध नव्हेत. स्वतःच्या वा आश्रितांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊं लागला म्हणजे ते अग्राह्य होतात. सरकारी कायद्याचेंही असेंच आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचें १३ वें कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांस वगळतें. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीच्या एका प्रकरणांत निकाल देतांना असें म्हटलें कीं रमींतील दैवाचा अंश हा ब्रिजच्या वाटणींतील दैवासारखाच आहे, सबब रमी हा मुख्यतः कौशल्याचाच खेळ होय. म्हणजे रमी सुटली ती ब्रिजच्या जामिनावर! आमच्या खोलींत मात्र पैसा कधीं लागला नाहीं. लावण्याजोगा तो कोणाजवळ होता, असेंही नाहीं.

ज्यांच्या घरीं मेंढीकोट खेळतात त्यांच्या मुलांस अर्धा ब्रिज आधींच येत असतो. चौघे खेळणारे, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकास तेरा पानें, उतरी आलेल्या रंगाचें पान टाकावयाचें, नसल्यास हुकमानें मारावयाचें, हें सर्व तेंच. निराळें आहे तें खेळाआधींचें बोलणें. आपण किती हात करूं व कोणता रंग हुकूम ठेवूं, याची बोली चौघे पाळीपाळीनें करतात; ज्या जोडीची बोली सर्वांत वर जाते तिनें तितके हात करून दाखवावयाचे. बोलीदाराचा भिडू आपलीं पानें मेजावर उघडीं मांडून स्वस्थ बसतो. त्यास डमी म्हणतात. येथून पुढें भिडूची चूक डोळ्यांनीं पाहावयाची पण तोंडानें सांगावयाची नाहीं, हें मोठें तप आहे. संसारी मंडळींनीं याचा विचार करावा.

या खेळाची वंशावळ मोठी मनोरंजक आहे, आणि तींत आपल्या देशाचा व आपल्या नगरीचा जो वांटा आहे तो फारच थोड्यांस ठाऊक असतो. विलायतेंत व्हिस्ट हा खेळ जुना. एडमंड हॉइल यांनीं १७४२ सालीं त्यावर पुस्तिका लिहिली. त्यांत वाटणीचें शेवटचें पान उलटून जो रंग निघेल तो हुकूम असे. १८८६ सालीं लंडन येथें 'बिरिच' अथवा रशियन व्हिस्ट या नांवानें एका खेळाचे नियम छापले गेले, व त्या शब्दावरूनच ब्रिज हें नांव पडलें असें बहुतेक अभ्यासक मानतात. नदीवरील पुलाशीं त्याचा संबंध नाहीं. या ब्रिजमध्यें हुकूम कोणता, हें पानें वाटणारा किंवा त्याचा भिडू ठरवीत असे. इतरांस त्यांत बोलण्याचा अधिकार नव्हता.

पुढची कथा हिंदुस्थानांतील आहे. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं सिव्हिल सर्व्हिसमधील तीन अंमलदार एका आडवळणाच्या ठिकाणीं नेमणुकीस होते. त्यांस ब्रिजची आवड, पण चौथा गडी मिळेना. तेव्हां त्यांनीं अशी युक्ति काढली कीं चौथ्याचीं पानें उपडीं ठेवावीं, आणि तो रिकामा भिडू कोणास मिळावा याचा तिघांनीं लिलाव करावा. लिलावी ब्रिजचा उगम येथें झाला, असें या खेळाचे इतिहासकार सांगतात. १९०४ सालीं 'जॉन डो' या टोपणनांवानें त्यावरील पुस्तिका अलाहाबादेस निघाली. जो लिलाव पुढें जगभर ब्रिजचा प्राण झाला, तो एका रिकाम्या खुर्चीमुळें जन्मास आला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आम्हांस तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

त्यानंतरचें पाऊल पडलें तें पुण्यांत. लिलावी ब्रिजमध्यें बोली लहान करून हात अधिक काढले तरी ते सर्व डावाच्या जमेस धरीत. त्यामुळें धीटाईनें बोली करण्याचें कारण उरत नसे. सिव्हिल सर्व्हिसमधील ह्यू क्लेटन (पुढें सर ह्यू क्लेटन) व त्यांचे सहकारी यांनीं १९१२ सालीं पुण्यास असा नियम करून पाहिला कीं जितक्या हातांची बोली केली असेल तितकेच हात डावाच्या जमेस धरावे. या प्रकारास त्यांनीं 'एस. ए. सी. सी.' हें नांव दिलें, व १९१४ सालीं 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि पत्त्यांच्या नियमांकडे लक्ष देण्यास कोणास सवड उरली नाहीं. फ्रान्समध्यें 'प्लाफों' नांवाच्या खेळांत हेंच तत्त्व पुढें आलें. अखेर १९२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधीस, पनामा कालव्यांतून जाणाऱ्या 'फिनलँड' नामक आगबोटीवर अमेरिकन धनिक हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनीं या तत्त्वास गुणांकनाची नवी चौकट दिली, आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज सिद्ध झाला. व्हँडरबिल्ट यांचें श्रेय आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु 'बोललास तेवढेंच तुझें' हा जो या खेळाचा कणा, तो आगबोटीच्या आधीं तेरा वर्षें मुळामुठेच्या कांठीं लोकांनीं वापरून पाहिला होता, हें पुणेकरांनीं विसरूं नये. पुणेकरांस अभिमानाचीं कारणें कमी आहेत असें नव्हे. हें एक अधिक.

दैवाचा आक्षेप ज्यानें मोडला तो डुप्लिकेट पद्धतीचा प्रकार मात्र व्हिस्टच्या काळचाच; लंडनला १८५७ सालीं त्याचा प्रयोग झाला होता. यांत वाटलेलीं पानें चार खणांच्या बोर्डांत जशींच्या तशीं पुढच्या मेजावर जातात, व तींच पानें प्रत्येक मेजावर खेळलीं जातात. उत्तर-दक्षिणेकडील जोड्या जागेवर राहतात, पूर्व-पश्चिमेकडील जोड्या एकेक मेज पुढें सरकतात आणि बोर्ड एकेक मेज मागें जातात. आपल्यास पानें वाईट आलीं ही तक्रार तेथें चालत नाहीं, कारण त्याच दिशेला बसलेल्या सर्वांस तींच वाईट पानें आलेलीं असतात. त्या पानांचें कोणी काय केलें एवढेंच मोजतात. जितक्या जोड्यांना मागें टाकलें तितके दोन-दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. डॉ. राधाकृष्णन यांनीं १९२६ सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत कर्मसिद्धान्त समजावितांना ब्रिजच्याच डावाचा दाखला दिला होता. सिद्धान्ताबद्दल आमचा मतभेद आहे, दाखल्याबद्दल नाहीं.

आमच्या खोलींत चार मेजें असत, आणि संख्या सम असल्यामुळें जोड्या व बोर्ड यांची गांठ चुकूं नये म्हणून फेऱ्याच्या मधोमध एक रिकामें स्टूल ठेवून त्यावर बोर्डांस एक पाळी विश्रांति द्यावी लागे. तें स्टूल अद्याप आहे. खेळावयास येणाऱ्यांत रेल्वेचे एक निवृत्त गार्ड होते, जे घड्याळ काढून प्रत्येक फेरीची शिटी खरोखरच वाजवीत. खडकीच्या कारखान्यांतील एक फिटर होते; त्यांचें शिक्षण सहावीपर्यंत, पण बाहेर गेलेलीं बावन्न पानें त्यांस क्रमानें पाठ असत. नाना पेठेंतील एक औषधविक्रेते आपल्या बंधूंसह येत. ते आमच्या धर्माचे नव्हेत, पण नाताळांत त्यांच्या घरून येणारा चिवडा आमच्या करंज्यांइतकाच वाट पाहण्यासारखा असे. आणि आमच्या शाळेंतील एक बाई होत्या, ज्या आमच्या भिडू.

बाईंविषयीं एक प्रसंग सांगितला पाहिजे, त्यांत आमचीच फजिती असली तरी. ब्रिजच्या बोलींत अवघे पंधरा शब्द लागतात : एक ते सात आंकडे, चार रंग, बिनहुकुमी, पास, डबल व रीडबल. भिडूस जें सांगावयाचें तें या पंधरा शब्दांतच. आवाज, उसासा, कपाळावरील आठी यांनीं नव्हे. एका गुरुवारीं बाईंनीं बदामाची बोली केली, आमच्याजवळही बदाम बरे होते, आणि प्रतिपक्ष चार इस्पिकपर्यंत चढला. आम्हीं पांच बदाम म्हणावें कीं नाहीं याचा इतका वेळ विचार केला कीं गार्डसाहेबांनीं घड्याळाकडे पाहिलें. शेवटीं आम्हीं 'पास' म्हटलें. आमच्या त्या दीर्घ मौनानें जें सांगावयाचें नव्हतें तें सर्व सांगून टाकलें होतें. बाईंचा हात असा होता कीं पांच बदाम म्हणणें व न म्हणणें दोन्ही शोभलें असतें. त्याही 'पास' म्हणाल्या. प्रतिपक्षानें चार इस्पिक केले. इतर मेजांवर आमच्या दिशेच्या जोड्यांनीं पांच बदाम सहज केले होते, आणि त्या सायंकाळीं आम्ही शेवटून पहिले आलों. परततांना आम्हीं विचारलें, "बाई, तुमच्याजवळ तर सहा बदाम होते, मग बोलल्यां कां नाहीं?" त्या म्हणाल्या, "फादर, तुमचीं पानें मला दिसलीं नाहींत, पण तुमचा विचार दिसला. तो मी पाहायचा नव्हता."

डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांतील १६ वें कलम हेंच सांगतें. तें कलम आम्हीं नंतर वाचलें. बाईंनीं तें वाचलें होतें कीं नाहीं, आम्हीं कधीं विचारलें नाहीं. मोठ्या स्पर्धांत या मोहाचा बंदोबस्त करावा लागला आहे. स्वीडन देशांत निघालेल्या छापील बोलींच्या पेट्यांमुळें आतां तोंड उघडावेंच लागत नाहीं. १९७५ सालीं बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेंत भिडूंच्या मध्यें पडदा उभारला. पण त्याच स्पर्धेंत दोघां इटालियन खेळाडूंवर मेजाखालून पायांनीं खुणा केल्याचा आरोप आला, व पुढें पडदा जमिनीपर्यंत न्यावा लागला. आमच्या खोलींत पडदा नव्हता. बाई होत्या.

बाहेरच्या जगांत या खेळाचा मान वाढलाच आहे. १९५८ साली ऑस्लो येथें जागतिक ब्रिज संघ स्थापन झाला. १९८८ सालीं व्हेनिसच्या ऑलिंपियाडमध्यें आपल्या देशाचा चमू उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिज प्रथमच आला, तेव्हां साठ वर्षांचे प्रणव बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनीं देशास सुवर्णपदक मिळवून दिलें. शिवाय दोन कांस्यपदकें मिळालीं. त्या दिवशीं आमच्या फिटर महाशयांनीं वर्तमानपत्राचें कात्रण खोलीच्या दारास डकविलें व "अजून माझें वय गेलेलें नाहीं" असें जाहीर केलें. २०२३ सालीं हांगझोऊ येथें पुरुषांच्या चमूनें रौप्यपदक मिळविलें, तें कात्रण डकविण्यास ते नव्हते.

मेजें कशीं उठलीं याचा हिशेब लांबवावयाचा नाहीं. कोणी मुलांकडे परदेशीं गेले, कोणाची दृष्टि गेली. औषधविक्रेत्या बंधूंनीं दुकान विकून कोथरूड गांठलें. तरुण मंडळी येत नाहींत याचा दोष आम्ही एकट्या त्यांस देत नाहीं. त्यांतील कांहीं जण हातांतील यंत्रावर ब्रिज खेळतात, व तें यंत्र आमच्याहून पुष्कळच चांगलें खेळतें. आम्हीं त्यांस शिकविण्याचे दिवस 'उद्यां, उद्यां' करीत घालविले, हा आमचा दोष. तेरा पानांचे हात ६३,५०१ कोटींहून अधिक प्रकारें पडूं शकतात असें गणित आहे. आम्हांस एवढे प्रकार पुढें पडले असतां घाई वाटली नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत बाई वारल्या. त्या गुरुवारीं खोली उघडली नाहीं. पुढच्या गुरुवारीं गार्डसाहेब आपल्या वेळेवर सहाच्या ठोक्यास आले, कारखान्यांतील फिटर महाशयांच्या विधवा पत्नी आल्या (यजमानांच्या मागें त्या खेळ शिकल्या, आणि त्यांच्याहून धीट बोलतात), व आम्ही. संपादक मंडळींपैकीं एकांनीं सुचविलें कीं खोली धर्मशिक्षणाच्या साहित्यास द्यावी. सूचना वाजवी आहे, आणि खोली सहा दिवस त्यांचीच आहे. गुरुवारीं आम्ही तिघे बसतों. चौथ्याचीं तेरा पानें उपडीं ठेवतों, आणि तो भिडू कोणास मिळावा याचा लिलाव करतों, त्या आडवळणाच्या ठाण्यांतील तिघां अंमलदारांप्रमाणें. बाईंची खुर्ची आम्हीं भिंतीस लावलेली नाहीं. ज्यास बसावयाचें असेल त्यानें सहाला पांच मिनिटें असतांना यावें. गार्डसाहेब शिटी अजून वाजवितात.