छंदसामग्रीचा गृहविमा

घरमालकाने आपली वास्तू व चीजवस्तू यांसाठी घेतलेल्या विमापत्रान्वये त्याच्या छंदाच्या मौल्यवान साहित्यास, म्हणजे कॅमेरे व भिंगे, दुर्बिणी, वाद्ये, बंदुका, टपाल तिकिटांचे व नाण्यांचे संग्रह, गोल्फचा सरंजाम, हौशी नभोवाणीचे संच इत्यादींस, मिळणारे संरक्षण. आग, चोरी व कायदेशीर दायित्व यांचे पृथक् विमे एकाच दस्तऐवजात एकत्र करणारे घरमालकाचे विमापत्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका’ या कंपनीने १९५० मध्ये प्रचारात आणले. त्यातून घडत गेलेला ‘एचओ–३’ हा नमुना आज तेथे सर्वाधिक रूढ असून पुढील विवेचन मुख्यतः त्यास अनुसरून केले आहे. निरनिराळ्या कंपन्या त्यातील रकमांत फेरफार करतात.

या नमुन्यात वास्तू आणि चीजवस्तू यांना एकच न्याय लावलेला नाही. वास्तूची हानी, स्पष्टपणे वगळलेली कारणे सोडता, कोणत्याही कारणाने झाली तरी भरून मिळते. चीजवस्तूंच्या बाबतीत मात्र आग, वीज, वादळ, स्फोट, चोरी, नळ फुटून सांडलेले पाणी अशा सोळा आपत्ती नमूद केलेल्या असून त्यांच्याबाहेरील कारणाने झालेली हानी विमेदारानेच सोसावयाची असते. त्यामुळे चोराने नेलेल्या भिंगाची भरपाई मिळते, परंतु तेच भिंग हातातून निसटून फरशीवर फुटले तर दावा टिकत नाही. हौशी नभोवाणीकाराच्या संचावर आकाशातील वीज कोसळली तर तो संच विम्याच्या कक्षेत येतो. पण तारांतून येणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा दाब अकस्मात वाढून त्याचे अंतर्गत घटक जळाले तर येत नाही. शिवाय भरपाई ठरविताना मूळ नमुना वापराचा घसारा वजा करतो, आणि जुनी परंतु उत्तम राखलेली साधने बाळगणाऱ्या छंदिष्टाचे यात विशेष नुकसान होते.

याहूनही जाचक ठरतात त्या पोटमर्यादा. चीजवस्तूंची एकूण विमारक्कम सामान्यतः वास्तूच्या रकमेच्या निम्मी, म्हणजे भरघोस असते, आणि तीवर विसंबून संग्राहक निश्चिंत राहतो. प्रत्यक्षात नाणी, पदके व रोकड यांना मिळून २०० डॉलर आणि टपाल तिकिटांना हस्तलिखिते, रोखे इत्यादींसह १,५०० डॉलर एवढीच कमाल भरपाई नमुन्यात दिलेली आहे, मग संग्रह आगीत जळो वा चोरीस जावो. बंदुकांची २,५०० डॉलरांची मर्यादा केवळ चोरीपुरती असते. खेळातील विमाने, ती माणसे वा माल वाहण्यासाठी योजलेली नसल्यास, चीजवस्तूंत गणली जातात. छंदाचे रूपांतर मुख्यतः अर्थार्जनात झाले की घरातील त्या साहित्यास व्यवसायसामग्रीची २,५०० डॉलरांची मर्यादा लागू होते.

यावरील उपाय म्हणजे नामनिर्दिष्ट वस्तूंची पुरवणी. मालवाहतुकीच्या विम्यातून उद्भवलेल्या या पुरवणीत दागिने, फरवस्त्रे, कॅमेरे, वाद्ये, चांदीची भांडी, गोल्फसाहित्य, कलावस्तू, टपाल तिकिटे व दुर्मीळ नाणी असे नऊ वर्ग असून प्रत्येक जिन्नस वर्णनासह व रकमेसह फेरिस्तीत लिहावयाचा असतो. हातून पडणे, प्रवासात हरवणे यांसारखे अपघातही तीत समाविष्ट होतात आणि विमेदाराने स्वतः सोसावयाची आरंभीची रक्कम कापली जात नाही. नवा कॅमेरा वा नवे वाद्य घेतल्यास ३० दिवसांच्या आत कळवावे लागते. तोपर्यंत त्या वर्गाच्या रकमेच्या २५ टक्के किंवा १०,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढे संरक्षण आपोआप मिळते. वादकाने मोबदला घेऊन ते वाद्य वाजवू नये, अशीही शर्त आहे. तिकिटे विटणे, चुरगळणे, दमटपणाने बिघडणे ही हानी वगळलेली असून एखादे सुटे तिकीट नाहीसे झाल्यास ते फेरिस्तीत स्वतंत्र रकमेसह नोंदलेले असेल किंवा ज्या पानावर ते चिकटविले होते ते पानच हरवले असेल, तरच भरपाई मिळते.

फेरिस्तीत लिहिलेली रक्कम हमखास हाती पडते, ही समजूत मात्र चुकीची आहे. नोंदलेली रक्कम जशीच्या तशी देण्याचा, म्हणजे मान्य मूल्याचा, नियम मूळ पुरवणीत केवळ कलावस्तूंना लागू आहे. कॅमेरे, वाद्ये इत्यादींच्या बाबतीत घसारा वजा जाता उरणारे रोख मूल्य, दुरुस्तीचा खर्च, तशाच दुसऱ्या वस्तूची किंमत व नोंदलेली रक्कम यांतील सर्वांत कमी रक्कम देय होते. पावत्या, छायाचित्रे व तज्ज्ञाचे मूल्यांकन विमा उतरवितानाच सिद्ध ठेवणे हे यासाठी अत्यावश्यक होय, कारण ज्याने आयुष्यभर संग्रह जमविला त्याच्या पश्चात वारसांना बहुधा त्या संग्रहाची पारख नसते.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात वास्तूबरोबर घरातील सामान्य सामानास वास्तूच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, संरक्षण मिळते. चित्रे, कलावस्तू, पुराणवस्तू इत्यादींचा विमा ऐच्छिक असून तो मान्य मूल्यावर उतरविता येतो, आणि एकूण रक्कम ५ लाख व एकेका वस्तूची १ लाख रुपयांपर्यंत असल्यास मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. नाणी व हस्तलिखिते मात्र स्पष्ट उल्लेखाविना वगळलेली आहेत. चोरीचे संरक्षण विमाकृत आपत्तीतून उद्भवलेल्या व तिच्यानंतर सात दिवसांत घडलेल्या चोरीपुरतेच असल्याने, आणि घराबाहेर नेलेली वस्तू या विमापत्राच्या कक्षेत राहत नसल्याने, कॅमेरा वा सतार घेऊन फिरणाऱ्यास सर्व जोखमींचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो.