उड्डाणापूर्वीचा हवामान सल्ला

मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना हवामानाचा तपशील कंपनीकडूनच मिळतो. लहान खासगी विमाने चालवणाऱ्यांना मात्र ही सोय नसते. अमेरिकेत अशा वैमानिकांना 'फ्लाइट सर्व्हिस' या सेवेचा आधार आहे. १९२० मध्ये हवाई टपालासाठी उभारलेल्या रेडिओ केंद्रांतून या सेवेचा उगम झाला. दूरध्वनीवरून हवामान समजावून सांगणाऱ्या तिच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला 'ब्रीफर' म्हणतात.

वैमानिक त्याला विमानाचा प्रकार, मार्ग, उंची व निघण्याची वेळ सांगतो. ब्रीफर प्रथम धोक्याच्या बाबी सांगतो. मग हवामानाचे एकूण चित्र, सध्याची स्थिती, मार्गावरील व गंतव्यस्थानाचा अंदाज, वरच्या थरांतील वारे आणि विमानतळांविषयीच्या सूचना असा क्रम असतो. स्वतःचा नवा अंदाज वर्तवण्याचा अधिकार त्याला नसतो. उपलब्ध अंदाजांचा अर्थ त्या विशिष्ट उड्डाणाच्या संदर्भात उलगडणे, हे त्याचे काम.

ढग किंवा धुके यांमुळे बाहेर पाहून विमान चालवणे शंकास्पद वाटल्यास ब्रीफर 'असे उड्डाण उचित नाही' असे स्पष्ट सांगतो. परंतु तो केवळ सल्ला असतो. उपलब्ध माहिती करून घेण्याचे बंधन आणि अंतिम निर्णयाची जबाबदारी कायद्याने वैमानिकावरच टाकली आहे.

हा भेद किती जीवघेणा ठरू शकतो, हे ११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन येथे दिसले. सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि वैमानिक-प्रशिक्षक देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे निघाले होते. विमानावर बर्फ साचण्याची शक्यता, हवेतील खळबळ आणि शीत आघाडी यांची कल्पना प्रशिक्षकाला देण्यात आली होती. तरीही बिघडत्या हवामानात विमान निघाले आणि काही क्षणांतच कोसळले. तिघेही मृत्युमुखी पडले. प्रमाणाबाहेर वजन असलेले विमान बिघडत्या हवेत नेण्याचा वैमानिकाचा निर्णय तपासात दोषी ठरला.

वैमानिकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रतिकूल सल्ला वरचेवर दिला गेल्याने त्याची धार बोथट होते, अशी अनेकांची जुनी तक्रार आहे. २००५ मध्ये अलास्का वगळता ही सेवा कंत्राटाने लॉकहीड मार्टिनकडे गेली आणि ५८ केंद्रांचे एकत्रीकरण सुरू झाले. २००७ मध्ये दूरध्वनीवर दीर्घकाळ ताटकळावे लागणे, उड्डाण आराखडे गहाळ होणे, ब्रीफरला स्थानिक भूगोल ठाऊक नसणे अशा तक्रारींचा ओघ लागला. कोणत्या खिंडीत ढग आधी उतरतात, हे जाणणारा शेजारच्या केंद्रातील माणूस आता दूर गेला होता.

आज बहुतेक वैमानिक संगणकावर किंवा मोबाइलवर स्वतःच हवामान पाहतात. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनानेही २०२१ मध्ये अशा स्वयंअभ्यासासाठी मार्गदर्शिका काढली. तथापि नकाशा वैमानिकाला उलट प्रश्न विचारत नाही. अनुभवी ब्रीफर मात्र अंधार पडण्यापूर्वी पोहोचणार का, परतीची वाट मोकळी राहील का, असे विचारू शकतो. घाईत असलेल्या वैमानिकाला निघण्याआधी थांबून विचार करायला लावणारे हे प्रश्न असतात.