चिंताविकार : वयोगटानुसार स्वरूप व उपचार

चिंताविकार : समोर धोका नसताना, किंवा असलेल्या धोक्याच्या मानाने कितीतरी मोठी भीती वाटणे, ती महिनोन्‌महिने टिकणे आणि तिच्यापायी शाळा, नोकरी, प्रवास, घरकाम वा झोप बिघडणे, असे स्वरूप असलेल्या मनोविकारांचा गट. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धाकधूक किंवा पावसाळ्यात घरचे माणूस घाटात अडकले असताना वाटणारी काळजी यात मोडत नाही. कारण सरले तरी भीती सरत नाही आणि माणूस तिच्या सोयीने जगणे आखू लागतो, तेव्हा तिला विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता; त्यांपैकी ५ कोटी ८० लाख मुले व किशोरवयीन होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते.

या नोंदीत उदाहरणांसाठी रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील मोहोपाडा व त्याभोवतालचा परिसर घेतला आहे. रसायनीची कारखानदारी व कामगार वसाहती, पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र, पनवेल-मुंबईकडे रोज जाणारा नोकरदार वर्ग, आणि इर्शाळगड-माथेरानच्या डोंगरउतारांवरील ठाकर व कातकरी वाड्या येथे काही किलोमीटरच्या आत नांदतात. त्यामुळे एकच विकार किती वेगवेगळी रूपे घेतो ते येथे जवळून दिसते.

प्रकार : आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या गटातील मुख्य प्रकार असे आहेत : सतत व सर्वच बाबतींत काळजी वाटणारा सामान्यीकृत चिंताविकार; अचानक झटके आणणारा तीव्र भयविकार; गर्दी, प्रवास किंवा चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती; विशिष्ट वस्तू वा प्रसंगाची भीती; सामाजिक चिंताविकार; विलगतेची चिंता; आणि घरी बोलणारे मूल शाळेत तोंडच उघडत नाही असा निवडक अबोला. मंत्रचळ आणि आघातोत्तर ताणविकार पूर्वी याच गटात धरत; आता त्यांचे वर्ग वेगळे आहेत. वर्गीकरण नवे असले तरी जाण जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रज-तम दोषांतून होणाऱ्या मानस विकारांत चिंता, उद्वेग व भय यांची गणना केलेली आहे.

कारणे व यंत्रणा : आनुवंशिकता, उपजत भित्रा स्वभाव, लहानपणीचे आघात आणि चालू आयुष्यातील ताण यांचा मिळून हा परिणाम असतो. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याचा इशारा देतो, अॅड्रेनलिन वाढते, हृदय धडधडते, श्वास भराभर होतो. श्वास अति झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. रुग्णाला हीच मरणाची खूण वाटते आणि भीती आणखी चढते.

विकार टिकवण्याचे काम मात्र टाळाटाळ करते. बाजारात घाबरल्यासारखे झाले म्हणून बाई बाजार टाळते, त्या दिवसापुरते बरे वाटते, आणि बाजार धोक्याचाच होता हे मनात पक्के बसते. पुढे रिक्षा सुटते, मग उंबरठा. उपचाराचा गाभा या एका गोष्टीवर उभा आहे. त्यामुळे रुग्णाच्या मायेपोटी त्याची सगळी कामे स्वतःकडे घेणारे कुटुंब नकळत आजाराच्या बाजूने काम करत असते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

बालपण : चिंताविकारांची सुरुवात बहुतेक कुटुंबे समजतात त्यापेक्षा फार लवकर होते. अमेरिकेतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत विशिष्ट भीती सुरू होण्याचे मध्यक वय ७, सामाजिक चिंताविकाराचे १३, तीव्र भयविकाराचे २४ आणि सामान्यीकृत चिंताविकाराचे ३१ वर्षे आढळले. लहान मूल ‘मला चिंता वाटते’ असे म्हणत नाही. शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखते, उलटी होते, रविवारी ते टुणटुणीत असते. आईचा पदर सोडत नाही, रात्री अंथरूण ओले करते. घरचे जंताचे औषध देतात, दृष्ट काढतात; दोन्हींनी अपाय नाही, पण महिना जातो आणि शाळा सुटत जाते.

या वयात पहिला उपचार बोधात्मक वर्तनोपचार. यात भीतीची शिडी तयार करतात : आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पालकांनाही शिकवावे लागते. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे जमेल’ अशी दोन्ही वाक्ये एकत्र बोलायची असतात. एकट्या पहिल्या वाक्याने मूल घरी बसते आणि एकट्या दुसऱ्याने ते एकटे पडते. मध्यम ते तीव्र विकारात औषधाची जोड देतात. ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वर्तनोपचार व सर्ट्रालिन हे औषध असे दोन्ही घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के मुले लक्षणीय सुधारली. केवळ वर्तनोपचाराने ६०, केवळ औषधाने ५५ आणि नकली गोळीने २४ टक्के.

आपत्तीनंतरची मुले हा खालापूर तालुक्यात पुस्तकी विषय राहिलेला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौक गावाजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. त्याआधी दोन वर्षे, २२ जुलै २०२१ रोजी, याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले होते. अशा प्रसंगानंतर पहिल्या काही आठवड्यांत झोप न लागणे, दचकणे, मुलांनी पुन्हा लहानासारखे वागणे हे विकाराचे लक्षण मानत नाहीत. त्या वेळी निवारा, अन्न, कुटुंबाची गाठभेट, खात्रीची माहिती आणि बोलायचे असेल तर ऐकणारे माणूस, एवढेच मानसिक प्रथमोपचारात येते. सर्वांना एकत्र बसवून घटना पुन्हा पुन्हा वदवून घेण्याची पद्धत निरुपयोगी ठरली आहे. सरसकट झोपेच्या गोळ्या वाटणेही जागतिक आरोग्य संघटना अमान्य करते. त्रास महिन्याहून अधिक टिकला, किंवा पुढच्या पावसाच्या पहिल्या सरीला तो उसळला, तर मात्र तज्ज्ञाकडे न्यावे. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाची पावसाची भीती खोटी नसते. सुरक्षित घर हा तिथे उपचाराचा पहिला भाग आहे आणि तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही.

किशोरवय : या वयात लोक काय म्हणतील याची भीती प्रबळ होते. फळ्यासमोर उभे राहणे, वर्गात वाचून दाखवणे, चारचौघांत डबा खाणेही टाळले जाते. असे मूल शिक्षकांना ‘शांत व गुणी’ वाटते आणि म्हणूनच राहून जाते. दहावी-बारावीच्या वर्षी परीक्षेची चिंता उघड दिसते, तिच्याकडे लक्षही जाते. लाजरेपणाखाली दडलेला सामाजिक चिंताविकार मात्र महाविद्यालय सुटेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. तंबाखू, दारू यांचा पहिला आधार याच सुमारास घेतला जातो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री’ क्लिनिके चालतात. औषध द्यायचे झाल्यास पहिल्या आठवड्यांत देखरेख हवी, कारण चिंतेवरही वापरल्या जाणाऱ्या नैराश्यरोधक गोळ्यांनी २४ वर्षांपर्यंतच्या काही रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

तरुण व मध्यम वय : मोहोपाड्यासारख्या ठिकाणी चिंताविकार दवाखान्यात येतो तो हृदयविकार म्हणून. पाळी संपवून आलेल्या कामगाराला रात्री छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, हातपाय गार पडतात. ईसीजी निघतो, तो चांगला असतो. ‘गॅस आहे’, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून इंजेक्शन दिले जाते. दहा मिनिटांत शिगेला पोहोचून झटका तसाही उतरायचाच असतो, त्यामुळे श्रेय इंजेक्शनला जाते. पुढच्या झटक्याला पुन्हा ईसीजी, मग पनवेलला टू-डी इको, मग मुंबई. पहिली तपासणी योग्यच होती. चाळिशीपुढच्या माणसाच्या छातीतील दुखणे मनावर ढकलणे धोक्याचे आहे, आणि थायरॉइडचे आधिक्य, रक्तक्षय, हृदयाची अनियमित गती व दारू सुटतानाची थरथर यांची खातरजमा केलीच पाहिजे. चूक होते ती चौथ्या-पाचव्या चांगल्या ईसीजीनंतरही आजाराचे नाव न सांगण्यात.

नाव कळल्यावर उपचार तुलनेने सरळ आहे. बोधात्मक वर्तनोपचाराची साधारण ८ ते १६ सत्रे होतात. बाहेर पडायला घाबरणाऱ्या रुग्णाची शिडी या भागात अशी मांडता येईल : आधी वसाहतीच्या फाटकापर्यंत सोबतीने, मग मोहोपाड्याच्या बाजारात एकट्याने, मग मिनिडोर रिक्षाने दांडफाट्यापर्यंत आणि शेवटी पनवेलपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. मध्येच पळ काढला तर पायरी पुन्हा चढावी लागते. धडधडीलाच घाबरणाऱ्याला जिना चढायला लावून ती मुद्दाम आणवतात. औषधांत एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या गोळ्या पहिल्या पसंतीच्या. गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढतेही. ‘गोळी मानवली नाही’ म्हणून सोडणारे बहुतेक याच टप्प्यावर सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ती निदान ६ ते १२ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

मराठीत वर्तनोपचाराच्या विचारपद्धतीला चांगला वारसा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेला विवेकनिष्ठ वर्तनोपचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवला, आणि ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने तो लेखन-व्याख्यानांतून सामान्य कुटुंबांपर्यंत नेला.

नोकरी जाणे किंवा जाण्याची टांगती तलवार हे या वयातील ठळक कारण. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यामुळे रसायनीची वसाहत वाढली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्याचे आयुष्य भोंग्याने आखलेले होते त्याला अशा वेळी समुपदेशनाइतकीच देणी वेळेवर मिळण्याची गरज असते, आणि उपचार करणाऱ्याने ती काळजी ‘अविवेकी’ ठरवू नये.

गर्भारपण व बाळंतपण : नैराश्याची चर्चा होते, चिंतेची होत नाही. बाळ श्वास घेते ना हे पाहायला रात्रभर जागणारी आई ‘हळवी’ ठरते. आशा कार्यकर्तीच्या बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतील गृहभेटी ही हे ओळखण्याची सर्वांत चांगली संधी आहे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे अंगलट येते. स्तनपानाच्या काळात सर्ट्रालिन तुलनेने सुरक्षित मानतात. गर्भारपणात पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात. पुढे रजोनिवृत्तीत अंगातून वाफा निघणे व धडधड यांची भयाच्या झटक्याशी गल्लत होते.

वृद्धत्व : साठीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेल्या चिंतेत आधी शरीर व औषधे तपासावीत. दम्याची औषधे, स्टेरॉइड, थायरॉइडच्या गोळीचा जादा डोस यांनी हीच लक्षणे येतात; मागे नैराश्य वा स्मृतिभ्रंशही दडलेला असू शकतो. मुले नवी मुंबईत वा परदेशात, घरी दोघेच, एकदा मोरीत पाय घसरला, की पडण्याची भीती चालणेच बंद करते आणि स्नायू दुबळे होऊन पडण्याचा धोका खरोखर वाढतो.

या वयातला खरा प्रश्न आहे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांचा. काही आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालते. तिने सवय लागते, स्मृती मंदावते, रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. २०१४ पासून अल्प्राझोलाम औषध नियमांच्या अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहे; विक्रेत्याने तिच्या प्रत्येक विक्रीची वहीत नोंद ठेवावयाची आहे. तरीही अशी गोळी एकदम बंद करू नये. अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरवावी.

सेवा व अडथळे : निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत (बारा राज्ये, त्यांत महाराष्ट्र नव्हता) वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. मोहोपाड्याहून चौकचे ग्रामीण रुग्णालय, कर्जत व पनवेलची उपजिल्हा रुग्णालये, आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय हा शासकीय सेवेचा क्रम आहे. १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय लोकांच्या मनात इतके ठाण मांडून आहे की मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे ‘ठाण्याला जाणे’ असेच वाटते. कर्जतजवळचे डॉ. भरत वाटवानी (मॅगसेसे पुरस्कार, २०१८) यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्रही रस्त्यावर भटकणाऱ्या गंभीर मनोरुग्णांसाठी आहे. चिंताविकाराच्या रुग्णाला दाखल व्हावे लागणे अपवादात्मक. वाड्यांवर आधी भगताकडे जातात. त्याला हिणवून काही साधत नाही, पण मारहाण, उपाशी ठेवणे किंवा औषध तोडणे होत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो.

तज्ज्ञ कमी असतानाही काय करता येते ते शेजारच्या गोव्याने दाखवले. संगाथ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंतेचे रुग्ण हाताळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘मानस’ चाचणीत सहा महिन्यांनी शासकीय केंद्रांतील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खालापूरच्या आरोग्य केंद्रांना याहून वेगळे काही नको आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरणे बंधनकारक केले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक निःशुल्क असून मराठीत बोलता येते.