एक हेर, सहा चेहरे

इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली निर्माण केलेला जेम्स बाँड हा हेर मुख्य चित्रपटमालिकेत १९६२ ते २०२१ या काळात सहा नटांनी साकारला. त्यांतला खरा कोणता, हा रसिकांचा जुना वाद.

आमच्या पिढीने मिस्कील रॉजर मूर यांना मनात बसविले. म्हणून १९८७ साली आलेले टिमोथी डाल्टन आम्हांला रुक्ष वाटले. त्यांच्या वाट्याला दोनच चित्रपट आले. २००६ साली डॅनियल क्रेग यांच्या तशाच करारीपणाचे कौतुक झाले, तेव्हा आमची चूक उमगली.

शॉन कॉनरी यांच्याविषयी खुद्द फ्लेमिंगही आरंभी साशंक होते. परंतु १९६४ च्या कादंबरीत त्यांनी बाँडला कॉनरींसारखे स्कॉटिश कुळ दिले. निर्मात्याने मत बदलले. आम्ही मात्र नवागताला जुन्याच मापाने मोजीत राहिलो.