जात चोरणे आणि स्वभाव चोरणे

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि आपल्या विचाराला एक क्रियापद मिळाले. खोली भाड्याने मिळावी, नोकरी टिकावी, पंगतीतून कोणी उठवू नये म्हणून माणूस जात चोरतो. म्हणजे आडनाव, बोली, भिंतीवरची तसबीर, डब्यातले कालवण या सगळ्यांवर अष्टौप्रहर पहारा ठेवतो. या पहाऱ्याने माणूस आतून कसा पोखरला जातो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मानसोपचारकांना गेल्या ऐंशी वर्षांत काय शिकवले गेले याचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा हेच क्रियापद मला तिथे भेटले. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी आहे, अशा माणसांना स्वतःचा स्वभाव चोरायला शिकवणे, यालाच दीर्घकाळ उपचार म्हटले गेले. हे शिक्षण कोणी रचले, ते कोणी मोडायला घेतले आणि आपल्या वस्तीतल्या पोराशी त्याचा काय संबंध, हे तीन प्रश्न मी इथे घेतो.

प्रथम शब्दच पाहू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. मराठीत त्याचे ‘स्वमग्नता’ झाले. या शब्दात निवाडा आधीच होऊन गेला आहे. समोरचा माझ्याकडे पाहत नाही, म्हणजे तो स्वतःतच बुडालेला आहे, हा बघणाऱ्याचा निवाडा. बुडालेल्याला कोणी विचारले नव्हते.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच मुलांवर निबंध लिहिला. त्याच व्हिएन्नात नाझी राजवटीत ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत सुमारे ८०० मुले ‘निरुपयोगी’ ठरवून मारली गेली. आस्पर्गर यांनीही काही मुले तिकडे धाडली होती, हे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ साली कागदपत्रांनिशी मांडले. उपयोगी कोण आणि निरुपयोगी कोण हे ठरवणारा हात आणि उपचार करणारा हात एकच असू शकतो, हा या इतिहासाचा पहिला धडा. पुढे दोन दशके मुलाच्या वेगळेपणाचा दोष आईच्या थंडपणावर टाकला गेला. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने या समजाला मोठी प्रतिष्ठा दिली. वरच्याने निदान करायचे आणि खालच्या बाईने पाप वाहायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

त्यानंतर आले वर्तनाचे शास्त्र. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईव्हार लोवास यांनी १९६० च्या दशकात मुलांवर बक्षीस आणि शिक्षा यांचे प्रयोग केले. शिक्षेत चापट होती, ओरडणे होते, विजेचा झटकाही होता. १९८७ साली त्यांनी जाहीर केले की, आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले ‘सामान्य’ झाली. सामान्य म्हणजे काय? बुद्ध्यंक पुरेसा आणि साध्या शाळेत पहिली पार. मूल सुखी आहे का, रात्री झोपते का, हा मापदंडच नव्हता. याच लोवास यांच्या नावावर १९७४ चा आणखी एक निबंध आहे. ‘बायकी’ वागणाऱ्या एका लहान मुलाला ‘मुलगा’ बनवण्याचा. पद्धत तीच होती. चोरायचा माल तेवढा बदलला होता.

मोठेपणी ही चोरी किती महाग पडते, याचा हिशेब फार उशिरा झाला. हात हलवावेसे वाटले तर दाबायचे, नजरेला नजर भिडवायची, हसायचे कधी ते पाठ करायचे. याला अभ्यासक मुखवटा धारण करणे म्हणतात. सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले की, स्वमग्न प्रौढांत हा मुखवटा जितका जास्त, तितके आत्महत्येचे विचारही जास्त. ज्याला उपचारक यश म्हणून वहीत नोंदवत होता, ते रुग्णाच्या जिवावर बेतत होते.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर तुलना फसवी होईल. जात ही माणसाने माणसावर लादलेली रचना आहे. ती नष्टच झाली पाहिजे. मेंदूची वेगळी घडण ही निसर्गाची आहे. ती नष्ट करण्याची भाषा म्हणजे माणूस नष्ट करण्याची भाषा. दोन्हीकडे समान आहे तो पहारा. दोन्हीकडे बहुसंख्यांच्या सोयीसाठी अल्पसंख्याने स्वतःला लपवायचे असते आणि ते लपणे जमले की त्याचे कौतुक होते.

हे शिक्षण मोडले ते ज्यांच्यावर ते चालले होते त्यांनी. १९९२ साली अमेरिकेत स्वमग्न माणसांनी स्वतःची संघटना उभारली. १९९३ साली टोरँटोच्या परिषदेत तिच्या संस्थापकांपैकी जिम सिंक्लेअर यांनी पालकांना बजावले की, आमच्यासाठी शोक करू नका. १९९८ साली ऑस्ट्रेलियात जुडी सिंगर यांनी आपल्या प्रबंधात मेंदूच्या विविधतेची कल्पना मांडली. २०१२ साली स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी घाव मुळावर घातला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, हे शास्त्र सांगत आले. पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? गैरसमज दुहेरी आहे, दोष मात्र एकाच्याच खाती. पुढे प्रयोगांत दिसले की, स्वमग्न माणसे आपापसांत माहिती इतरांइतकीच नीट पोचवतात. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, असा आग्रह धरला होता. मिल्टन यांचे म्हणणे वाचताना मला त्या साक्षीची आठवण होते.

मग उपचारकाने शिकायचे काय? गोष्टी साध्या आहेत. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शनाने स्वमग्न प्रौढांसाठी २०१२ पासून सांगितले आहे की, बोलणे सरळ ठेवा, उपमा-रूपके टाळा, लेखी आणि चित्ररूप साधने वापरा, अधूनमधून विश्रांती द्या, रुग्णाच्या आवडीचा विषय कामात घ्या. त्यात खोलीतला प्रखर दिवा, पंख्याची घरघर, नजर चुकवण्याची मोकळीक यांची भर घाला. चिंता आणि नैराश्य यांवर उपचार करायचेच, घडणीवर नाही. पण हे पुस्तकात असून भागत नाही. २०१६ साली ब्रिस्टलच्या इस्पितळात ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा स्वमग्न मुलगा दगावला. विशिष्ट प्रकारची औषधे सोसत नाहीत, देऊ नका, असे त्याने आणि आईवडिलांनी सांगितले होते. तरी औषध दिले गेले. त्याच्या आईच्या लढ्यानंतर २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोग्यसेवकांना या विषयाचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. त्या प्रशिक्षणात स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसे शिक्षक म्हणून उभी असतात. कालचा रुग्ण आज फळ्यापाशी आहे.

आता आपल्या पोराकडे येऊ. ओकलंडला १९६६ साली ब्लॅक पँथर जन्मली. तिचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने घेतले. ओकलंडच्या खाडीपलीकडे, सान फ्रान्सिस्कोत, सहा काळ्या मुलांना बुद्धिमापन चाचणीवरून मंदबुद्धीच्या वर्गात बसवले होते. १९६८ साली स्थापन झालेल्या काळ्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेतील मंडळींनी त्या मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. प्रश्न मुलांच्या बोलीत विचारले, धीर दिला. सगळी मुले मर्यादेच्या वर गेली. हा लॅरी पी. खटला. त्याच्या सुनावणीत दिसले की, कॅलिफोर्नियाच्या शाळांत काळी मुले सुमारे १० टक्के, पण त्या वर्गांत सुमारे २५ टक्के. १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी काळ्या मुलांना तसल्या वर्गांत टाकण्यासाठी अशा चाचण्या वापरण्यास मनाई केली.

आपल्याकडे उलटी फसवणूकही होते. सुखवस्तू घरातल्या पोराला अक्षरे उलटी दिसली तर त्याला तपासणी मिळते, दाखला मिळतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो. वस्तीतल्या पोराला तेच झाले तर मास्तर म्हणतो, यांच्यात असेच. एकाचे निदान होते, दुसऱ्याची जात निघते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही २१ प्रकारांत घेतल्या. पण कायद्यातून पोरापर्यंतचा रस्ता उपचारकाच्या डोक्यातून जातो, आणि ते डोके आपल्या बोलीशी, आपल्या घराशी अनोळखी असेल तर रस्ता तिथेच संपतो.

म्हणून माझे मागणे अभ्यासक्रमापाशी आहे. हे अभ्यासक्रम १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. उपचारक घडवताना वेगळ्या मेंदूची माणसे आणि वस्तीतून आलेली माणसे यांना शिकवण्याच्या जागी बसवा. चाचण्या मुलांच्या बोलीत घ्या. जात विचारात घेतल्याशिवाय निदान पूर्ण झाले असे मानू नका. शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रश्न लावून धरावा. आणि उपचार संपल्यावर उपचारकाने एवढेच विचारावे : या माणसाचा पहारा हलका झाला, की आपण त्याला आणखी सफाईने चोरायला शिकवले?