दिनविशेष : १४ ऑक्टोबर
मोहन धारिया यांचे निधन (२०१३)

पुण्याचे माजी खासदार, माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांचे २०१३ मध्ये आजच्या दिवशी वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. महाड तालुक्यातील नाते हे त्यांचे गाव. बेचाळीसच्या लढ्यात शिक्षण सोडून उतरलेला हा तरुण पुढे काँग्रेसमधील 'तरुण तुर्कां'पैकी एक झाला. १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने बोलणी करावीत, असे त्यांनी मंत्रिपदावर असताना जाहीरपणे सांगितले आणि मंत्रिपद गमावले. आणीबाणीत तुरुंगवासही झाला. १९७१ मध्ये काँग्रेसचे म्हणून निवडून दिलेल्या धारियांना पुणेकरांनी १९७७ मध्ये जनता पक्षाकडून पुन्हा दिल्लीला पाठवले. पदापेक्षा मत मोठे मानणारा माणूस निवडणूक जिंकू शकतो, हे त्या वेळच्या तरुणांनी डोळ्यांनी पाहिले.

नंतर त्यांनी निवडणुकीचे राजकारण सोडले व १९८६ मध्ये 'वनराई' ही संस्था उभी केली. तिच्या बंधाऱ्याची रीत साधी : सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि पावसाळा सरताना ओढ्यात रचून पाणी अडवायचे. खर्च जवळजवळ नाही, फक्त गावाचे श्रमदान. हे काम मोठेच. तरीही त्यांच्याकडे पाहून राजकारणात आलेल्यांना त्यांची संसदेतील उणीव भासली, आणि ती तक्रार रास्त आहे. पुढे चंद्रशेखर सरकारच्या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण ते सरकार काँग्रेसच्याच बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते आणि काही महिन्यांतच कोसळले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.